कोर्टाच्या पायऱ्यांवरचे कप्तान

बोईसर, १७ नोव्हेंबर २०२४

तात्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही ते न फोडता कोनाड्यात टाकाल, म्हणून पत्ता रुचिताला लिहायला सांगितला. नातीचं अक्षर तुम्ही ओळखत नाही. ती आता नववीत आहे.

फोन करून पाहिला होता. तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि आवाज आमचा असला की आणखीच कमी येतं, असं तुमच्याकडे कामाला येणारी रखमा म्हणाली. तिच्यावर रागावू नका. वाडीत तिच्याशिवाय मी विचारायचं तरी कुणाला?

प्रणव तुरुंगात आहे.

सप्टेंबरात त्याचं जहाज माल भरायला एका परदेशी बंदरात गेलं. देशाचं नाव पत्रात लिहू नका, असं वकिलांनी बजावलंय. जहाज रिकामं होतं, बंदराबाहेर नांगर टाकून आपली पाळी येण्याची वाट बघत होतं. मग तिथल्या पाणबुड्यांना सुकाणूच्या वरच्या पोकळीत अमली पदार्थांची पाकिटं सापडली. कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणालाच माहीत नाही. जहाज अडकवलं, खलाशांना जहाजावरच डांबलं, आणि कप्तान म्हणून प्रणवला, नि त्याच्यासोबत दामूला तुरुंगात नेलं. दामू मुरब्याचा. जहाजावर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. प्रणवनंच त्याला पहिल्यांदा जहाजावर लावून दिलं होतं.

आता कंपनीच्या वकिलांनी प्रणवपुढे एक जबाब ठेवलाय. जहाजाच्या मागच्या बाजूचा पहारा दामूकडे होता, तिथं काय झालं ते त्यालाच माहीत, कप्तानाला माहीत नाही. खाली सही केली की प्रणव घरी. दामूचं पुढं काय होणार, ते वकील सांगत नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही.

प्रणव सही करत नाही. आठवड्यातून एकदा त्याला फोन मिळतो, त्यात तो रुचिताच्या अभ्यासाचं विचारतो. मी सहीचा विषय काढला की म्हणतो, "दामूनं पहारा चोख ठेवला होता, वैष्णवी. मी खोटं कसं लिहू?" तेवढ्यात वेळ संपतो.

आई गेल्या तेव्हा तो आला नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत की तुझं घर जहाजावरच आहे, माहीमच्या पानवेलींच्या वाडीत पाय ठेवू नको. त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. म्हणूनच मला माहीत आहे की तुमचा शब्द तो मोडणार नाही. दोन ओळी लिहा. सही कर आणि घरी ये, एवढंच. मी ते त्याच्यापर्यंत पोचवते.

तुमची सून,
वैष्णवी


बोईसर, ८ डिसेंबर २०२४

तात्या,

तुमचा निरोप रखमानं फोनवर सांगितला. "तात्या बोलतात, आसं मी लिवणार नाय." बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. लॅबमध्ये त्या दिवशी मी औषधाचा एक अख्खा नमुना चुकीच्या बाटलीत ओतला. इतकी वर्षं नोकरी केली, असं कधी झालं नव्हतं.

पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी प्रणवला ज्येष्ठ कप्तानांच्या मंडळात घेतलं. वर्षानुवर्षं मोठी जहाजं चालवलेल्या माणसांची ही मुंबईतली संस्था. तिथं अर्ज करून जाता येत नाही, जुन्या सभासदांनी नाव सुचवावं लागतं. त्या समारंभाला मी गेले होते. निळे कोट, टाय, कानात यंत्रं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर सूप. परत येताना मी प्रणवला म्हटलं, निवृत्त लोकांचा जेवणाचा क्लब आहे हा. तो नुसता हसला.

त्या मंडळाचे कॅप्टन खोदादाद इराणी परवा इथं सरावलीला आमच्याकडे आले. डहाणूचे आहेत, चिकूची वाडी आहे, वय ऐंशीच्या पुढं. लिफ्ट बंद होती. काठी टेकत, मजल्या-मजल्यावर थांबत वर आले. मला वाटलं, चला, आता हे तरी प्रणवला समजावतील. ते पाणी प्यायले आणि लेकीला हाक मारावी तसं म्हणाले, "दीकरी, दामूच्या घरी कोण असतं?"

मला माहीत नव्हतं.

त्यांच्याच गाडीनं आम्ही मुरब्याला गेलो. दामूची बायको जमुना बांबूंवरचे वाळलेले बोंबील काढत होती. हात पुसत आली. बाहेर खुर्ची एकच होती. ती तिनं कप्तानांपुढे सरकवली, तर ते बसेनात. तिला बसायला लावलं आणि काठीवर भार देऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"मी तुमच्या नवऱ्याच्या कप्तानाकडून आलोय," ते म्हणाले. "त्यानं स्वतः यायला हवं होतं. त्याला येता येत नाही, म्हणून मी."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पाकिटं, तुरुंग, आणि तो जबाबसुद्धा. मला वाटलं, जबाबाचं ते सांगणार नाहीत. मी खाली बघत होते.

जमुनानं विचारलं, "सायब सही करनार हायेत का?"

"नाही करणार."

"तुमाला काय म्हाईत?"

"मंडळात त्याचं नाव मी सुचवलंय," ते म्हणाले. जणू यापुढे बोलायचं काही शिल्लक नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. "आनि तुमी? तुमी काय सांगता त्यांना?"

कप्तान खाडीकडे बघत राहिले. मदतीला आले नाहीत. मी म्हणाले, "सही करा म्हणते."

जमुनानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमच्या जागी मी आसती तर मी पन तेच बोलली आसती." उठून तिनं बोंबलांची एक जुडी कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. "पन आता नका बोलू."

काल प्रणवचा फोन आला. मी सहीचं काढलं नाही. तो थांबून थांबून बोलत होता, मी काढीन म्हणून. मग म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, मुरब्याला जाऊन आले. पलीकडे तो रडला, तात्या. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

वैष्णवी


बोईसर, १२ जानेवारी २०२५

तात्या,

रखमा म्हणते, माझं पत्र तुम्ही खिशात घेऊन पानवेलींत हिंडता. तिनं ते चहाडी म्हणून सांगितलं, मला मात्र बरं वाटलं.

गेल्या शनिवारी मंडळाच्या मुंबईच्या खोलीवर गेले होते. कॅप्टन इराणी म्हणाले, "तुझ्या नवऱ्यासाठी काय चाललंय ते तू डोळ्यांनी बघ." गोदीजवळच्या एका जुन्या इमारतीत एकच लांब खोली आहे. टेबलावर प्रणवच्या जहाजाचा नकाशा पसरला होता, आणि त्याभोवती ते सगळे म्हातारे वाकले होते. सूप पिणारे तेच. एकाचा हात इतका कापत होता की कपातला चहा बशीत सांडत होता. पण त्यानं नकाशावर बोट ठेवलं तेव्हा ते हललं नाही. अशाच बनावटीच्या जहाजावर त्यानं आयुष्य काढलेलं.

ते बोलत होते ते मला समजलं तेवढं सांगते. सुकाणूच्या वरच्या पोकळीत जहाजाच्या आतून उतरायचं तर एक लोखंडी झाकण आहे, बोल्टांनी घट्ट केलेलं. पण जहाज रिकामं असलं की पाण्यातून वर येतं, आणि मग बाहेरून होडीतला माणूसही त्या पोकळीत शिरू शकतो. सरकारी फोटोंत ते झाकण दिसत होतं. हात कापणाऱ्या कप्तानांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "बोल्टांवरचा रंग कुठंही तुटलेला नाही. हे झाकण कित्येक महिन्यांत कुणी उघडलेलं नाही."

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. एकानं नुसती खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "आता तिथं आपलं माणूस हवं. तो तिथं एकटा असता कामा नये." मग एकेक जण आपण कधी जाऊ शकतो ते सांगू लागला, लग्नघरी पंगतीची कामं वाटून घ्यावीत तसं. कुणाच्या हृदयाला झडपा बसवलेल्या, कुणाची बायको अंथरुणाला खिळलेली. तुरुंगात भेटीची वेळ नसली तर समोरच्या दुकानात बसायचं, म्हणाले. त्याला कळलं पाहिजे की कुणीतरी बसलंय. इतर देशांतल्या अशाच मंडळांना संदेश गेले. मी दाराशी उभी होते. समुद्र मी लहानपणापासून बघतेय, पण समुद्रावरची माणसं एकमेकांना कशी धरून असतात, ते त्या दिवशी पाहिलं.

परत येताना गाडीत मी कॅप्टन इराणींना तुमच्याबद्दल सांगितलं. आईंबद्दलही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता." मला हे ठाऊक नव्हतं, तात्या. ते कोरोनाचं वर्ष. कुठलंही बंदर माणूस उतरवून घेत नव्हतं. एका बंदरानं फक्त एकाला परवानगी दिली, प्रणवच्या आईचं कळल्यावर. आणि त्याच दिवशी जहाजावरचा एक इंजिनिअर पोटातल्या दुखण्यानं गडबडा लोळत होता. "सर, मी काय करू, असं विचारत होता तो. मी उत्तर दिलं नाही. असलं उत्तर कप्तानाला दुसऱ्यानं देऊ नये. मी फोन कानाला धरून बसून राहिलो," ते म्हणाले. प्रणवनं इंजिनिअरला उतरवलं.

त्यानं हे मलासुद्धा सांगितलं नाही. मला तेव्हा म्हणाला होता, परवानगी मिळाली नाही.

वैष्णवी


मुरबे, ६ फेब्रुवारी २०२५

तात्या,

जमुनाच्या घरात बसून लिहितेय. आज सुनावणी होती. मी रजा काढून इकडे आले, तिनंही बोईसरच्या बाजारात मावरं विकायला जायचं टाळलं. दोघी फोन मधे ठेवून बसलो होतो. तिनं चहा केला, तो तसाच राहिला.

कॅप्टन इराणींचा फोन आला तेव्हा तिकडे दुपार व्हायची होती. ते स्वतः साक्षीला गेलेत. डॉक्टरांनी विमानाला मनाई केली होती, ते मला आज त्यांच्या मुलीकडून कळलं. म्हणाले, "दीकरी, आधी फोटो बघ, मग बोलतो."

फोटोत कोर्टाची इमारत होती. समोर रुंद पायऱ्या. आणि त्या पायऱ्यांवर, उन्हात, पांढऱ्या गणवेशात, टोप्या काखेत घेऊन माणसं उभी. एका रांगेत नव्हे, जशी जागा मिळेल तशी. कुणी गोरं, कुणी काळं, कुणी आपल्यासारखं. त्यांत एक बाईही होती, केस पिकलेली.

"कोण हायेत हे?" जमुनानं विचारलं.

त्या बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांचे कप्तान, तात्या. फिलिपिन्सचा, ग्रीसचा, युक्रेनचा, चीनचा. ती बाई नॉर्वेची. प्रणवला त्यांच्यापैकी कुणीही ओळखत नाही. आपापल्या देशातल्या मंडळाकडून त्यांना संदेश मिळाला होता, आणि जहाज दुय्यम अधिकाऱ्याच्या हाती देऊन ते होड्यांनी किनाऱ्यावर आले होते. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, पाट्या धरल्या नाहीत. न्यायाधीश गाडीतून उतरले, त्यांनी कारकुनाला विचारलं, ही कोण मंडळी? तो म्हणाला, कप्तान आहेत. त्यांचं म्हणणं काय आहे? तो म्हणाला, काही नाही साहेब, ते उभे आहेत.

  

आत कॅप्टन इराणींनी झाकणाचा फोटो दाखवून रंगाचं समजावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, मग पहारेकऱ्याला बाहेरची होडी कशी दिसली नाही? तेव्हा प्रणव उठून उभा राहिला. बोलायची परवानगी मागितली. म्हणाला, "पहारा कुठं ठेवायचा ते मी ठरवतो. त्यात उणं असेल तर ते माझं आहे. माझ्या माणसांना सोडा, उत्तर द्यायला मी इथं थांबतो."

जमुनानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी तिचा हात धरला की तिनं माझा, ते आठवत नाही.

सगळे सुटले, तात्या. प्रणव, दामू, जहाजावरची माणसं, सगळे. ते बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवरच्या कप्तानांनी टोप्या डोक्यावर चढवल्या, प्रणवला सलाम केला, दामूशी हात मिळवला आणि आपापल्या होड्यांकडे निघून गेले. त्यांच्या जहाजांची वेळ झाली होती.

आता बाहेर शेजारच्या बायका जमल्यात. जमुना सगळ्यांना फोटो दाखवतेय.

वैष्णवी


बोईसर, १९ फेब्रुवारी २०२५

तात्या,

मी मुंबईच्या विमानतळावर जायची तयारी करून बसले होते. दामूला तुरुंगात कावीळ झाली, म्हणून त्याला विमानानं पाठवलं. जमुना आणि मी त्याला आणायला गेलो. प्रणवही त्याच विमानात असेल असं मी धरून चालले होते.

तो नव्हता. दुसरा कप्तान पाठवायला कंपनीला वेळ लागणार होता, आणि जहाजावरची माणसं इतके महिने तिथं अडकून पडलेली. म्हणून तो तुरुंगातून सरळ जहाजावर गेला. फोनवर म्हणाला, "यांना घेऊन निघतो. माल भरून झालाय, तो गुजरातेत उतरवायचाय, तिथं भेटू." मला इतका संताप आला की मी फोन ठेवायला निघाले. मग तो म्हणाला, "जरा ऐक," आणि फोन खिडकीबाहेर धरला.

आधी वारा ऐकू आला. मग एक भोंगा, लांबलचक. तो संपता संपता दुसरा, जाडसर आवाजाचा. मग दुरून तिसरा, मग इतके की वेगळे ओळखू येईनात. त्याचं जहाज बाहेर निघालं होतं आणि नांगरलेली जहाजं त्याला वाट देत होती. रुचिता अभ्यास टाकून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आम्ही दोघींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॅप्टन इराणी आम्हाला गाडीनं त्या बंदरावर नेणार आहेत. गाडीत एक जागा आहे. मी वाडीवर येऊन विचारणार नाही, तुम्ही बोलावलेलं नाही. पण जागा आहे.

वैष्णवी


माहीम, १० मार्च २०२५

वैष्णवी,

हे पत्र तुला तुम्ही परत आल्यावर मिळेल. गाडीत जागा आहे म्हणालीस, मी आलो नाही, तर तुला वाटेल म्हातारा अजून तसाच आहे.

आधी एक सांगतो. सही कर असं मी लिहिणार नाही म्हणालो, ते रागानं नव्हतं. त्याला मी वाढवलंय. तो सही करणार नाही हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं असतं, तर बापाचा शब्द मोडायचा की माणूस सोडायचा, हे ओझं त्या तुरुंगात त्याच्या डोक्यावर आणखी आलं असतं. ते मला घालायचं नव्हतं. एवढं रखमाबरोबर सांगून पाठवता आलं नाही.

दामू आठवड्यापूर्वी वाडीवर आला. डोळे अजून पिवळे आहेत. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "तात्या, सायबांचं जहाज सोमवारी आपल्या समोरून जानार हाय. किनाऱ्यावरना नाय दिसनार. माझ्या भावाची बोट हाय, तुमी येता का?" मी दर्याला पाठ करून पानवेली लावण्यात जन्म घालवला. खाडी ओलांडण्यापलीकडे होडी मला ठाऊक नाही. मी त्याला म्हटलं, उलट्या होतील. तो म्हणाला, व्हऊ देत.

झाल्या. पहाटे निघालो, उन्हं वर आली तेव्हा किनारा कधीच दिसेनासा झाला होता. दामू मोबाइलवर बघून भावाला दिशा सांगत होता. मग म्हणाला, "ते बघा."

मला आधी वाटलं, पलीकडची जमीन आहे. मग ती जमीन सरकायला लागली. वैष्णवी, माझ्या अख्ख्या वाडीहून ते लांब होतं. जवळ आलं तशी आमची बोट त्याच्यापुढं पडलेल्या पानासारखी वाटायला लागली. दामू म्हणाला, याच्याहून जवळ जायचं नसतं. मी मान वर करून बघत राहिलो. एवढं मोठं लोखंड, त्यात माणसं, आणि ते सगळं माझ्या पोराच्या एका शब्दावर वळतं. प्रणवची आई गेली त्या वेळी मला हे कुणी दाखवलं असतं, तरी तेव्हा मी बघितलं नसतं.

बोटीवर वायरलेस आहे. दामू आधी त्याच्यावर बोलला, मग ते बोलायचं यंत्र माझ्या हातात दिलं. बाजूचं बटण दाबा आणि बोला, म्हणाला. मी दाबलं. म्हटलं, "प्रणव, मी तात्या. समोर बोटीत आहे."

काही उत्तर नाही. मी वाट बघितली. जहाज तसंच पुढं चाललं होतं. मनात म्हटलं, बरोबर आहे, त्यानं का बोलावं?

दामूनं माझ्या मनगटाला हात लावला. "तात्या, बटन सोडा. तुमी दाबून धरलंय तवर त्यांना बोलता नाय येत."

मी सोडलं. खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, अगदी कानाशी, मला पहिल्याच खेपेला नीट ऐकू आला.

"तात्या, लाइफजॅकेट घातलंय का?"

म्हटलं, घातलंय.

तात्या